गोदर्ज आगांचं नाक

नवरोजच्या, आमच्या इराणी नववर्षाच्या, तेराव्या दिवशी घरात बसायचं नाही, असा आमच्याकडचा रिवाज. बसलं तर वर्षभर पीडा मागे लागते. म्हणून त्या दिवशी सगळं हमदान शहर चहाचे समोवार, सतरंज्या, पोरंबाळं आणि म्हातारीकोतारी उचलून माळावर जातं. आणि चौदाव्या दिवशी सकाळी त्यातली निम्मी माणसं फरीवरांच्या दुकानात उभी असतात, हातात तंबू घेऊन.

"घेतला खरा, पण उघडलाच नाही. ऐनवेळी सासूबाई आजारी पडल्या हो."

काउंटरवरचे गोदर्ज आगा वाद घालत नसत. तंबूची पिशवी उघडायची, तिच्यात तोंड घालायचं, डोळे मिटून एक लांब श्वास घ्यायचा. मग मान वर करून शांतपणे विचारायचं, "सासूबाईंना मेंढीचे कबाब सोसले का?"

गिऱ्हाईक लाल. मागच्या रांगेत खसखस. आगा डोक्यावरच्या पाटीकडे बोट दाखवत. पाटीवर लिहिलं होतं : वापरलेला माल परत घेतला जाणार नाही. ती पाटी मालक फरीवरांनी लावली होती, पण ती अमलात यायची आगांच्या नाकामुळे. बूट हुंगून ते सांगत की हे घरातल्या गालिच्यावर घालून बघितलेत की नाल्यातून फिरवून आणलेत. बू-अली रस्त्यावर त्यांच्या नाकाची एवढी ख्याती होती की समोरच्या दुकानाचा मालक म्हणे, "माझ्याकडे कुत्रा आहे, फरीवरकडे गोदर्ज आहे."

दुकान डोंगराच्या सामानाचं. तंबू, बूट, सॅक, दोर, स्लीपिंग बॅगा, बर्फातल्या काठ्या. हमदानच्या डोक्यावर अलवंद डोंगर बसलेला, त्यामुळे शुक्रवारी सुट्टी मिळाली की लोक जत्रेला जावं तसे डोंगरावर जातात, अगदी पांढऱ्या केसांच्या बायकासुद्धा. ती सगळी फौज आगांच्या हातून सजून निघे. कुठल्या बुटाला कुठला मोजा, कुठल्या पाठीला कुठली सॅक, हे त्यांनी सांगायचं आणि लोकांनी ऐकायचं. लोक त्यांना उस्ताद म्हणत.

आता हसू नका, पण उस्ताद स्वतः अलवंदवर कधी गेलेले नव्हते. पायथ्याशी गंजनामेचा धबधबा आहे, तिथपर्यंत जायचे, चहा प्यायचे, वर बघायचे आणि परत. त्यांचं म्हणणं, दुरून डोंगर साजरे. डोंगरावर कुणाचा काय भरवसा? रोपवे झाला तेव्हा लोकांनी आग्रह केला. आगा म्हणाले, "ती तार कुणी विकली, कधी विकली, किती दिवस गोदामात पडून होती, आहे कुणाला ठाऊक?"

त्यांचा स्वभावच तसा. कुणी लांब दोर मागितला की विचारणार, "एवढा कशाला?" जोडून एक होणाऱ्या दोन स्लीपिंग बॅगा कुणी घेतल्या की विचारणार, "लग्न कधी झालं?" शेवटी फरीवर वैतागून म्हणायचे, "आगा, आपण माल विकतो. जबान्या घेत नाही."

"माल कुणाच्या हातात जातोय ते बघायला नको?"

"पैसे आले की गेला. आपला संबंध संपला."

"तुमचा संपत असेल," आगा म्हणत.

दुकान बंद होताना आणखी एक विधी असे. काम करणाऱ्या प्रत्येकानं आपली पिशवी उघडून काउंटरवर ठेवायची आणि आगांनी ती तपासायची. फरीवरांची पिशवीसुद्धा एकदा तपासली होती. मालक हसले होते. हसणार नाही तर काय करणार? असा इमानी माणूस दिवा घेऊन शोधला तरी मिळाला नसता.

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं हा जगाचा न्याय. गोदर्ज आगांकडे मात्र बाब्यालाही सूट नव्हती. त्यांचा एकुलता मुलगा बर्दिया त्याच दुकानात कामाला होता. उंच, कमी बोलणारा, डोंगरवेडा. त्याचीही पिशवी रोज उघडली जायची. तो रोज उघडायचा, बापाकडे न बघता.

मग एका थंडीत दुकानातली सगळ्यात महाग स्लीपिंग बॅग नाहीशी झाली. हंसाच्या पिसांची, बर्फात झोपलं तरी घाम यावा अशी. आगांनी दुकान पालथं घातलं. आणि त्या संध्याकाळी, दुकानात शुक्रवारच्या तयारीची गर्दी असताना, त्यांनी मुलाची सॅक काउंटरवर ठेवून घेतली आणि एकेक कप्पा उघडला. डबा काढला. घामेजलेला सदरा काढला, झटकला. कुणा मुलीनं विणून दिलेले हातमोजे होते, ते उलटे करून बघितले. गिऱ्हाइकं बघत होती. सॅकेत काहीच निघालं नाही.

"काही सापडलं नाही," बर्दिया म्हणाला.

आणि आगा म्हणाले, "मग आधीच बाहेर पोचवली असशील."

बर्दियानं सामान भरलं नाही. रिकामी सॅक खांद्यावर टाकली आणि गेला. डबा, सदरा, हातमोजे काउंटरवरच राहिले. घरीही आला नाही. पूरान, म्हणजे आगांची बायको, आठवडाभर रडली. मग एके दिवशी एवढंच म्हणाली, "तेहरानला आहे. बरा आहे. नोकरी लागलीय." आगांनी विचारलं नाही की कुठं. तिनं सांगितलं नाही.

वसंतात दुकानाची साफसफाई निघाली. माळ्यावर फाटक्या तंबूंचं एक गाठोडं होतं. त्याच्या पोटात ती स्लीपिंग बॅग निघाली. एवढ्या महागाच्या वस्तूवर कुणाचा तरी डोळा आहे असं वाटून आगांनी ती स्वतःच तिथं लपवली होती आणि मग साफ विसरून गेले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा! बॅग काढून घेऊन त्यांनी गाठोडं पुन्हा बांधलं. खाली आले, बॅग फडताळात ठेवली, फरीवरांना म्हणाले, "मिळाली." फरीवर त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. घरी आगा एक शब्द बोलले नाहीत. मुलासमोर कुठल्या तोंडानं जायचं? या महिन्यात जाऊ, पुढच्या महिन्यात जाऊ, असं करता करता दोन हिवाळे सरले. संशयाला मात्र सुट्टी नव्हती. उलट घरात माणूस कमी झाल्यावर तो जास्तच ऐसपैस पसरला.

या वर्षी पानं पिवळी पडायला लागली तेव्हापासून आगांना वाटू लागलं की कुठंतरी पाणी मुरतंय.

पहिली गोष्ट दुकानातली. डोंगरावरून आलेली नेहमीची मंडळी घोळका करून बोलत असायची. आगा जवळ गेले की बोलणं तुटायचं. एक म्हणायचा, "काय थंडी पडलीय!" आणि बाहेर तर ऊन. कुणीतरी त्यांच्याकडे दयेनं बघतंय असं वाटायचं. दया तर त्यांना मुळीच सहन होत नसे.

दुसरी गोष्ट घरातली. पूरान दर शुक्रवारी पहाटेची नमाज झाली की बाहेर पडू लागली. विचारलं तर म्हणे, "इफ्फतकडे लोणची घालायचीत." इफ्फत तिची बहीण, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणारी. ठीक आहे, शरद ऋतूत आमच्याकडे घरोघरी लोणची घालतात. लसूण, वांगी, फुलकोबी, सगळं आंबट सिरक्यात, म्हणजे व्हिनेगरमध्ये, बुडवतात. पण दर शुक्रवारी? आणि एवढी लोणची घातली तर बरण्या कुठं आहेत? घरातल्या बरण्या उलट कमी होत चालल्या होत्या. आगांनी फडताळ उघडून बघितलं. टोमॅटोच्या सॉसच्या मोठ्या बरण्या होत्या, त्यांतली एकही जागेवर नव्हती.

"बरण्या काय झाल्या?"

"इफ्फतकडे आहेत."

"तिच्याकडे बरण्या नाहीत?"

"आगा, आता बरण्यांवरही पहारा बसवा," पूरान म्हणाली आणि पीठ मळत राहिली.

तिसरी गोष्ट सगळ्यात वाईट. रजया उन्हात घालायच्या म्हणून आगांनी ट्रंक ओढली, तर मागे कापडात गुंडाळलेलं काहीतरी. उघडलं. बुटांचा जोड. बायकी मापाचा, डोंगरावरचा, चांगल्या जाड तळव्याचा. आगांनी सवयीनं आधी नाकाला लावला. ओली माती, मेंढ्यांचं शेण, धूर. तळव्याच्या खाचांत अलवंदची भरड वाळू. टाचेपेक्षा पुढचा भाग जास्त झिजलेला. म्हणजे नुसतं फिरणं नव्हे, चढणं.

आणि आत शिवलेल्या पट्टीवर नाव कुणाचं? समोरच्या दुकानाचं!

त्यांनी पट्टी पुन्हा वाचली. तीस वर्षं हा माणूस बूट विकतोय, आणि त्याच्या बायकोनं बूट घेतले ते समोरून, त्या कुत्रेवाल्याकडून! लपवायचंच असेल तर दुसरीकडूनच घेणार म्हणा. पण काय लपवायचं? या वयात ही डोंगरावर कुणाला भेटायला जाते? घरात चार पायऱ्या चढताना हिला गुडघा आठवतो. त्यांनी बूट होते तसे गुंडाळून ठेवले. त्या रात्री जेवताना त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती भात वाढत होती. चेहरा उन्हानं रापला होता, गाल लाल होते, आणि कित्येक दिवसांत दिसलं नव्हतं असं काहीतरी समाधान होतं तिच्या तोंडावर. पोरगा संशयापायी गेला. आता ही पण जाणार. मुलाच्या वेळी संशय खोटा होता, या वेळी खरा आहे, एवढाच काय तो फरक.

विचारून टाकावं, असंही मनात आलं. पण विचारायचं म्हणजे उत्तरावर विश्वास ठेवायचा, आणि ते त्यांना जमत नव्हतं. त्यांनी ठरवलं, शुक्रवारी पाठलाग करायचा.

गुरुवारी संध्याकाळी दुकानात कुणी नाही असं बघून त्यांनी फळीवरून एक जॅकेट उतरवलं, आणि आपल्या मापाचे बूट. स्वतःकडे डोंगराचं काही नव्हतंच. जॅकेटचा किमतीचा टॅग त्यांनी कापला नाही. बाहीच्या आत नीट सारून ठेवला. एका दिवसाचा तर प्रश्न, शनिवारी सकाळी जागेवर ठेवून देऊ, कुणाला कळणार? पिशवीत कोंबताना दोनदा दाराकडे बघितलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. त्या दिवशी सगळ्यांच्या पिशव्या तपासल्या. त्यांची तपासणारं दुकानात कुणी नव्हतं.

शुक्रवारी पूरान बाहेर पडली. ट्रंकेमागचे बूट गेले होते आणि पाठीवर गच्च भरलेली सॅक होती. दुकानात रोज न्यायची आपली सॅक पाठीवर टाकून, थोडं अंतर ठेवून आगा निघाले. गंजनामेपाशी ती टॅक्सीतून उतरली. रोपवेच्या रांगेकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ पायवाटेला लागली. आगांना रोपवेनं पुढं जाऊन वर दबा धरता आला असता. पण तारेवर त्यांचा विश्वास नव्हता, सांगितलंच की. तेही पायवाटेला लागले.

नवे बूट घालून कधी डोंगर चढू नका, हे त्यांनी आयुष्यात जितक्या लोकांना सांगितलं असेल तितके या वाटेवर दगड नसतील. पहिल्या चढावर टाच हुळहुळली. दुसऱ्या वळणावर फोड आला. तिसऱ्यावर फुटला. आणि पूरान? गुडघेदुखीवाली पूरान शेळीसारखी टणाटण वर चालली होती. आगांनी खोकला आवरला, तो एकदा आवरला नाही, आणि मान वर केली तर ती वळणापलीकडे दिसेनाशी झालेली.

खाली उतरणारा जो तो त्यांना म्हणत होता, "थकू नका!" डोंगरावर भेटेल त्याला असं म्हणायचं, ही आमची रीत. घरात भावाशी बोलत नाही तो माणूससुद्धा वर परक्याला म्हणतो, थकू नका. आगांना प्रत्येक वेळी वाटे, हा मला ओळखतो का? याला ठाऊक आहे का मी कुणाच्या मागावर आहे? एका म्हातारीनं वाळलेले अंजीर पुढं केले.

"घ्या हो, आगा. तोंड पांढरं पडलंय तुमचं."

"नको. किती राहिलं वर?"

"हे काय, दहा मिनिटं!"

तासाभरानं दुसऱ्यानं सांगितलं, "आलंच की, दहा मिनिटं!" सगळे खोटारडे, आगा म्हणाले. पण म्हातारीचे अंजीर घेतले असते तर बरं झालं असतं असंही वाटलं. धाप लागली होती, डोळ्यांपुढं काजवे. दगडावर बसले तेव्हा त्यांना पहिल्यांदा कळलं की पन्नाशी ओलांडलेली एक बाई दर आठवड्याला ही वाट चढते, पाठीवर एवढं ओझं घेऊन. कुणासाठी तरीच चढत असणार. त्या कुणाचा तरी त्यांना इतका राग आला की पाय दुखायचे थांबले.

वरच्या मैदानात एक निवारा आहे. दगडी भिंती, पत्र्याचं छप्पर, आत चुलीपाशी चहा आणि मसुराचं गरम सूप. आगा लंगडत दारापर्यंत पोचले आणि बाहेरच्या बाकावर कोसळले. आजूबाजूला डोंगरवाले मोजे वाळवत बसलेले. त्यांतले दोघे-चौघे त्यांचीच गिऱ्हाइकं. त्यांनी आगांना बघितलं आणि बोलणं तुटलं. अगदी दुकानात तुटायचं तसंच.

आतून एक तरुण चहाचं तबक घेऊन आला. लोकरी टोपी, वाढलेली दाढी. तो थांबला. तबकातले पेले किणकिणले. मग त्याची पावलं पुन्हा पडू लागली.

"या, आगा. थकू नका," बर्दिया म्हणाला. "बाहेर वारा आहे, आत बसा."

तेहरान कुठं आणि हे कुठं! घराच्या गच्चीवरून दिसणारा डोंगर, आणि पोरगा तिथं बसलेला. बर्दियानं त्यांच्यापुढं चहा ठेवला, सूप ठेवलं, रोटी ठेवली, वाटीत लसणाचं लोणचं ठेवलं. जसं कुठल्याही पाहुण्यापुढं ठेवावं तसं, अदबीनं, नजर खाली ठेवून. आगांनी लसणाची एक पाकळी तोंडात टाकली. हे लोणचं त्यांनी लग्न झाल्यापासून खाल्लं होतं. उघड्या दारातून आतली फळी दिसत होती. तिच्यावर सॉसच्या बरण्या रांगेनं उभ्या होत्या, तोंडाला त्यांच्याच स्वयंपाकघरातल्या जुन्या पडद्याचं फुलाफुलांचं कापड बांधलेलं.

पूरान बाह्या सारून, हातात पळी घेऊन दारात आली. दचकली वगैरे काही नाही.

"आलात? चांगला उशीर लावलात."

"तुला माहीत होतं?"

"वळणावर खोकलात ना. तो खोकला मी नाही ओळखणार तर कोण?"

"मग थांबली का नाहीस?"

"थांबले असते तर तुम्ही भांडून तिथूनच मागं फिरला असतात," ती म्हणाली. "या वसंतात आला तो इथं, निवारा सांभाळायला. सगळ्या गावाला ठाऊक आहे. तुम्हाला सांगायला गाव घाबरत होतं."

संशयी माणसाचं दैव असं की कधीकधी त्याचा संशय खरा निघतो. खरंच सगळे काहीतरी लपवत होते. त्यांच्याचपासून त्यांचाच मुलगा लपवत होते.

आगांनी चहा संपवला. दुकानदार माणूस जे बोलेल तेच बोलले. खिशात हात घालून म्हणाले, "किती झाले?"

बर्दियानं छातीवर हात ठेवला, किंचित वाकला. "राहू द्या, आगा. तुमच्यापुढं याची काय किंमत?"

हे वाक्य आमच्याकडे प्रत्येक दुकानदार प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणतो, आणि गिऱ्हाइकानं पैसे द्यायचेच असतात. आगांनी ते हजारो परक्यांना म्हटलं होतं. घरातल्या माणसाला कुणी म्हणत नाही. बाप मुलाच्या ताटातला घास उचलतो, किंमत कोण विचारतं? ते वाक्य आगांच्या काळजात सुरीसारखं गेलं. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

नोट पुढं करायला त्यांनी हात लांबवला, आणि बाहीतून टॅग बाहेर पडून लोंबकळू लागला.

बाकावरचे सगळे बघत राहिले. एकजण फिस्सकन हसला. तंबूत तोंड घालून कबाबाचा वास काढणारा उस्ताद, आणि त्याच्याच बाहीला टॅग! आगांनी बाही नाकाला लावली. धूर, मसूर, लसूण, घाम.

"परत घेणार नाहीत," ते पुटपुटले.

"सांगा, घातलंच नाही म्हणून," बर्दिया म्हणाला. "सासूबाई आजारी पडल्या म्हणून सांगा."

टोमणा होता, आणि चांगला झोंबणारा. पण तो टोमणा घरातला होता, गिऱ्हाइकाला मारायचा नव्हता. आगांना तेवढाच आधार वाटला.

"ती स्लीपिंग बॅग सापडली, बर्दिया," ते एकदम म्हणाले. सगळ्यांच्या देखत म्हणाले. "मीच लपवली होती. माळ्यावर, फाटक्या तंबूत. कुणी चोरू नये म्हणून. आणि विसरलो."

"कधी सापडली?"

"तू गेलास त्याच वसंतात."

"म्हणजे तेव्हापासून ठाऊक आहे तुम्हाला?"

"हो."

"आणि आला नाहीत."

आगांनी मान हलवली. बर्दिया वळला आणि आत गेला. आत भांडी आपटल्याचा आवाज आला. बाकावरचे लोक आपापल्या मोज्यांकडे बघू लागले. पूरान पळी धरून मध्येच उभी, ना आत ना बाहेर.

"फरीवरांच्या बायकोनं मला तेव्हाच सांगितलं होतं," ती हळूच म्हणाली. "मी त्याला सांगितलं नाही. म्हटलं, हे तुमच्या तोंडून निघायला हवं."

आगा उठले. रक्तानं मोजे चिकटले होते. लंगडत आत गेले, चुलीशेजारच्या लाकडी फळकुटावर आपली सॅक ठेवली, बंद सोडले, तोंड उघडं केलं आणि दोन पावलं मागं सरून उभे राहिले. दुकानातली माणसं त्यांच्यापुढं उभी राहत तसे, हात बाजूला सोडून.

"तपास," ते म्हणाले.

"बाजूला घ्या, आगा. भांडी ठेवायचीत."

"तपास म्हणतो ना. सगळ्यांसमोर."

दारात लोक जमले होते. आगांना वाटलं, पोरगा म्हणेल राहू द्या, छातीवर हात ठेवेल, वाकेल. पण बर्दियानं ओले हात पँटला पुसले आणि खरंच सॅक पुढं ओढली. एकेक कप्पा उघडला. पाण्याची बाटली काढली. रोटी आणि चीज बांधलेलं फडकं काढलं, सोडून बघितलं. रक्तदाबाच्या गोळ्या काढल्या, डबी हलवून बघितली. मग तळाशी हात गेला आणि थांबला. लोकरीचे हातमोजे. कुणा मुलीनं विणलेले, काउंटरवर राहिलेले ते. आगांनी ते रोज या सॅकेत घालून दुकानात नेले होते आणि रोज परत आणले होते. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. बर्दियानं हातमोजे उलटे केले, पुन्हा सुलटे केले, आणि आपल्या खिशात घातले.

"काही सापडलं नाही," तो म्हणाला.

आगा थांबले. पुढचं वाक्य त्यांना पाठ होतं. त्यांनीच बोललेलं होतं ते. आता ते ऐकायचं, आणि ऐकून घ्यायचं, एवढ्यासाठी त्यांनी मान खाली घातली.

बर्दिया ते वाक्य बोलला नाही. त्यानं गोळ्या परत ठेवल्या, बाटली ठेवली, फडक्याची गाठ पुन्हा बांधून तेही ठेवलं. मग फळीखालून सॉसच्या रिकाम्या बरण्या काढल्या, एकेक वर्तमानपत्रात गुंडाळली आणि सॅकेत वर रचल्या. बंद आवळले. सॅक उचलून त्यानं आगांच्या खांद्यावर चढवली, पट्टे ओढून पाठीला बसवले, जसे आगा नव्या गिऱ्हाइकाला बसवून देत.

"सावकाश उतरा, फुटतील," तो म्हणाला. "आणि शुक्रवारी भरून आणताना हे बूट घालू नका, बाबा."